"नवीन पेशी कधी यायच्या, मॅडम?"

अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या घरचे हा प्रश्न हटकून विचारतात. सुभाषनगरातल्या एका चप्पल कारागिराच्या मुलानंही तोच विचारला. स्ट्रोकला सात महिने झालेले, आण्णांचा उजवा हात लुळा. मोबाइलवर बघून मेंदूच्या पेशी वाढवणाऱ्या महागड्या गोळ्या आणलेल्या, आणि सगळं घर वाट बघतंय.

मी त्याला खरं काय ते सांगितलं. प्रौढ माणसाच्या मेंदूत, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये, नव्या चेतापेशी सापडल्याचं १९९८ साली प्रसिद्ध झालं. त्यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. उंदरांमध्ये स्ट्रोकनंतर नव्या पेशी इजा झालेल्या जागेकडे सरकतात, पण बहुतेक तिथं तगत नाहीत. २००२ च्या प्रयोगात मेलेल्या पेशींपैकी जेमतेम ०.२ टक्के भरून निघाल्या. हात परत येतो तो मुख्यतः वाचलेल्या पेशींमुळं. त्या नवे फाटे फोडतात, नव्या जोडण्या करतात, गेलेल्या भागाचं काम थोडंथोडं अंगावर घेतात. पहिल्या तीन महिन्यांत हे झपाट्यानं होतं, नंतरही होतं. पण त्यासाठी हाताला काम लागतं. वापरलाच नाही तर होती ती ताकदही मेंदू विसरतो.

आणि इथं आण्णांना कुणी काही करूच देत नव्हतं! मी घरी गेले तेव्हा चहा आला. मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं कपाकडं जरा हलली, तेवढ्यात सूनबाईंनी बशी त्यांच्या ओठाला लावली. आण्णांनी तोंड फिरवलं.

"हितं मला देवागत बसवून ठेवलंय," ते म्हणाले. "निवद तेवढा येतोय."

सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मायेनं करत होत्या बिचाऱ्या. पण मला वाटतं, आण्णांचा हात जेवढा आजारानं अडला, तेवढाच या मायेनंही.

फिजिओथेरपिस्टशी बोलून आम्ही त्यांच्याच धंद्यातलं काम निवडलं: चपलेची वेणी. उजव्या हातानं चामड्याच्या पट्ट्या दाबून धरायच्या, डाव्यानं गुंफायच्या. घरच्यांनी बघायचं, हात लावायचा नाही.

आण्णांची झोप उडाली होती, जेवणावरची वासनाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांत एकाला नैराश्य येतं आणि घरचे त्याला हट्टीपणा समजतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडंही पाठवलं.

चामडं टोचायची आरी अजून धरता येत नाही. वेणी होते, सैल का असेना. त्या महागड्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या. रक्तदाबाची गोळी मात्र रोज, न चुकता.