५० वॅटच्या अ‍ॅम्पला १०० वॅटचे स्पीकर लावले तर चालतील का? काही जळणार तर नाही ना?

चालतील की, बिनधास्त लावा. स्पीकरवरचे १०० वॅट म्हणजे तो एवढं सहन करतो, तेवढं त्याला द्यायलाच पाहिजे असं काही नाही. घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना बऱ्याचदा एक-दोन वॅटसुद्धा जात नसतात.

वॅटच्या आधी ओहम (स्पीकरचा विद्युत अडथळा) बघा, ते तुम्ही लिहिलंच नाहीये. अ‍ॅम्पच्या मागे स्पीकरच्या वायरी लावतात तिथेच छापलेलं असतं. तिथे किमान ८ असेल आणि तुम्ही ४ ओहमचे स्पीकर लावले तर तेवढ्याच व्होल्टेजला ते दुप्पट करंट ओढतात, अ‍ॅम्प तापतो, प्रोटेक्शन असलं तर बंद पडतो आणि नसलं तर आउटपुट ट्रान्झिस्टर उडू शकतात. उलट, ४ ओहम चालणाऱ्या अ‍ॅम्पला ८ चे लावले तर काही बिघडत नाही, पॉवर कमी मिळते एवढंच. आणि हो, एकाच चॅनेलला (डावीकडच्या किंवा उजवीकडच्या आउटपुटला) ८-८ चे दोन पॅरलल जोडले की ४ होतात, इथे भलेभले फसतात.

मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, जी कुणी बघतच नाही. ८५ डीबीचा (डेसिबल, आवाज मोजायचं एकक) स्पीकर ५० वॅट खाऊन जेवढा वाजतो तेवढा ९१ डीबीचा साडेबारा वॅटात वाजतो. अ‍ॅम्प ५० चा काढून १०० चा आणलात तर मिळणार ३ डीबी, म्हणजे जरासाच फरक. त्यामुळे पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये घाला असं माझं मत. (पीएमपीओचे, म्हणजे जाहिरातीतल्या क्षणभराच्या कमाल पॉवरचे, हजारो वॅट वाचून हसा आणि सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवर बघा.)

जळण्याचं म्हणाल तर छोटा अ‍ॅम्प ताणला तरी स्पीकर जळू शकतात, आणि हे मी स्वतः करून बसलोय. २५ वॅटचा अ‍ॅम्प, ८० वॅटचे स्पीकर, मित्र जमलेले, नॉब पार शेवटपर्यंत. आवाज फाटत होता तरी कुणाला पडलीये. दुसऱ्या दिवशी गाणं लावलं तर डावीकडून गोधडीखालून आल्यासारखा आवाज. ट्वीटरला (बारीक, उंच आवाज काढणारा छोटा स्पीकर) कान लावला, चिडीचूप. काढून मल्टिमीटर लावला तर ओपन, म्हणजे आतली तार तुटलेली, कॉइल गेलेली. अ‍ॅम्प क्लिप व्हायला लागला, म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं, की आवाजाच्या लाटेची टोकं कापली जातात आणि त्यातून निघणाऱ्या हार्मोनिक्सचा (जादा उंच सुरांचा) मारा बिचाऱ्या ट्वीटरवर होतो, त्याला मुळात झेपतात थोडेच वॅट. तेव्हा आवाज जरा खरखरला की नॉब मागे घ्या, आणि दोन्हींचे ओहम बघून इथेच कळवा.