पदवीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ५२, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी शिक्षिका. दोघांचा मिळून हातात येणारा पगार महिना पावणेदोन लाख. घर कर्जमुक्त, एफडी ४० लाख, म्युच्युअल फंडात १८ लाख, पीएफ वेगळा. मुलीला बारावीनंतर अमेरिकेतल्या एका छोट्या खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. युरोपचं मध्ययुग आणि रेनेसाँस (प्रबोधनकाळ) असा तिचा विषय: इतिहास, साहित्य, चित्रकला, तत्त्वज्ञान, धर्म आणि लॅटिन हे सगळं एकाच पदवीत. वर्षाचा खर्च ८८ हजार डॉलर, त्यातली ५५ हजारांची स्कॉलरशिप कॉलेज देणार, ३३ हजार घरून. होकार १ मेपर्यंत कळवायचा आहे. प्रश्न असा: "या विषयाला पुढे काही भवितव्य आहे का, की तिला डेटा सायन्स घ्यायला लावू?"

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता: "पैशांची सोय झाली आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरच्या सल्ल्याने एफडीतून एक गॅरंटीड इन्कम प्लॅन, म्हणजे विमा पॉलिसी, घेतला. वर्षाला ६ लाख भरायचे, सहा वर्षं. आठव्या वर्षाच्या अखेरीपासून बारा वर्षं दर वर्षी ५ लाख ४० हजार करमुक्त. पॉलिसी दोन आठवड्यांपूर्वी घरी आली. फीसाठी घर तारण ठेवून एक कोटीचं कर्ज काढू आणि हप्ते या उत्पन्नातून भरू."

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाची घाईच नाही. अशा कॉलेजांत मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. तोवर ती लॅटिनही शिकेल, संख्याशास्त्रही घेऊ शकेल. त्यावरून आज घरात वाद घालू नका.

घाई आहे ती पॉलिसीची. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न देता परत करता येते. त्यातले पंधराएक दिवस गेले. ई-मेलवर आधीच आली असेल तर त्या तारखेपासून मोजा. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. बँकेत जाऊ नका. तिथे चहा मिळेल, "साहेब, एकदा शांतपणे बसून बोलू" असं ऐकायला मिळेल, आणि तारीख उलटून जाईल. स्टँप ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते.

कारण ऐका. ३६ लाख भरायचे आणि ६५ लाख घ्यायचे, हे कानाला जवळजवळ दुप्पट वाटतं. पण शेवटचा रुपया हातात येईपर्यंत एकोणीस वर्षं जातात. हिशोब केला तर परतावा साडेपाच टक्के. तारण कर्जाचं व्याज साडेदहा टक्के धरा. म्हणजे स्वतःचे पैसे साडेपाचने गुंतवायचे आणि तेवढेच पैसे साडेदहाने उसने आणायचे. यात फायदा फक्त कमिशन घेणाऱ्याचा. "करमुक्त" हेही खोटं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम पाच लाखांच्या वर गेला की मिळणाऱ्या रकमेवरची करसवलत जाते. तुमचा सहा लाख आहे. हे मॅनेजरला माहीत नसेल तर त्याने विमा विकू नये. माहीत असून सांगितलं नसेल, तर काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तारखा बघा. मुलगी चार वर्षांनी पदवीधर होईल. हप्ते त्यानंतर लवकरच सुरू होतील, तेव्हा तुम्ही ५७ च्या आसपास. पॉलिसीचं उत्पन्न सुरू होईल तुमच्या साठीला, तेही महिन्याला ४५ हजार. मधली तीन वर्षं हप्ते कोण भरणार? आणि हप्ता किती?

तुम्ही पत्रात वर्षाचे ३० लाख गुणिले चार, १ कोटी २० लाख असा हिशोब मांडलात. स्कॉलरशिपचा आकडा सहसा तोच राहतो, फी मात्र वाढते. ८८ हजारांवर चार टक्के म्हणजे वर्षाला साडेतीन हजार डॉलर, आणि ही सगळी वाढ तुमच्या वाट्याला येते. चौथ्या वर्षी ३३ चे ४४ हजार होतात. डॉलर सुरुवातीला ९० रुपये आणि दर वर्षी तीन टक्के महाग धरला, तर एकूण १ कोटी ४५ लाख. एफडी पॉलिसीत अडकवली तर कर्ज सव्वा कोटीच्या घरात जातं, शिक्षण संपेपर्यंतचं व्याज धरून १ कोटी ६० लाख. दहा वर्षांचा हप्ता दोन लाखांच्या वर. पगार पावणेदोन लाख. तारण काय, तर राहतं घर.

व्हिसाचंही आहेच. पहिल्या वर्षाच्या खर्चाइतका पैसा हाताशी आहे हे दाखवावं लागतं. एफडी चालते, कर्जाचं मंजुरीपत्र चालतं. आठ वर्षांनी फळ देणारी पॉलिसी तिथे कामाची नाही.

पॉलिसी परत केली तरी गणित सुटत नाही, फक्त कमी बिघडतं. एफडी आणि फंड मिळून ५८ लाख. त्यातले ८ लाख अडीअडचणीला ठेवा, पीएफला हात नको. कर्ज ९५ लाखांवर येईल, हप्ता दीड लाखावर. तरीही झेपणारं नाही.

मुलगी नोकरी करून फेडेल, अशी एक ओळ पत्रात आहे. अमेरिकेत पदवीनंतर कामाची परवानगी साधारण बारा महिने मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदवीला आणखी चोवीस मिळतात, मध्ययुगाला नाही. पहिल्या वर्षाच्या पगारावर दीड लाखाचा हप्ता उभा करणं ही निव्वळ आशा आहे. या विषयातल्या खऱ्या नोकऱ्या, म्हणजे अध्यापन, संग्रहालयं, हस्तलिखितांचं काम, बहुतेक पीएचडीनंतरच्या. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत मानव्यशाखेच्या पीएचडीला फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. जागा थोड्या, स्पर्धा भयंकर. पण तिला तिथवर पोचायचं असेल, तर पहिल्या पदवीवर घर लावणं हा उलटा क्रम झाला.

मुलीने अर्जातला निबंध फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'वर लिहिला, असं तुम्ही कळवलंत. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत बांधलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. लॅटिन, पोर्तुगीज आणि जुनी मराठी एकत्र वाचू शकणारी माणसं फार नाहीत. मुलीची निवड मला वेडगळ वाटत नाही. तिच्यासाठी केलेली पैशांची जुळणी वेडगळ आहे.

म्हणून याच आठवड्यात कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाला पत्र लिहा. दोघांच्या पगाराचे कागद, आयकर विवरणपत्रं आणि वरचा चार वर्षांचा हिशोब जोडा. त्याआधी एक तपासा. प्रवेशाच्या अर्जात 'आर्थिक मदत हवी का' या रकान्यात काय भरलं होतं? प्रवेश सोपा व्हावा म्हणून सल्लागार लोक तिथे "नाही" लिहायला लावतात, आणि बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने एकदा नाही म्हटलं की चारही वर्षं दार बंद. "हो" लिहिलं असेल तर बोलायला जागा आहे. पहिल्या वर्षाचा तुमचा वाटा १५ हजार डॉलरवर आला, तर चार वर्षांचा खर्च ७७-७८ लाख, कर्ज २७-२८ लाख, हप्ता चाळीस-बेचाळीस हजार. तेवढं झेपेल, आणि एवढ्यासाठी घर तारण देऊ नका. मात्र तुमच्या नावावर स्वतंत्र टर्म इन्शुरन्स (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) आधी घ्या. ५२ व्या वर्षी तो स्वस्त नाही, तरी घ्या.

नाहीच जमलं, तर इटली बघा. रेनेसाँस शिकायला त्याहून चांगली जागा कोणती? तिथल्या सरकारी विद्यापीठांची फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, आणि वरच्या उत्पन्नगटालाही ती वर्षाला काही हजार युरोच पडते. राहणं-खाणं धरून वर्षाला पंधराएक लाख, पदवी तीन वर्षांची, एकूण ४५ ते ५० लाख. कर्ज जवळजवळ नाही. अडचण भाषेची: इतिहास किंवा साहित्याची पदवी बहुतेक ठिकाणी इटालियनमधूनच आहे. एक वर्ष थांबून ती नीट शिकावी लागेल. लॅटिन शिकायला निघालेल्या मुलीला ते जड जाऊ नये. त्या वर्षात पुण्याला मोडीही शिकून घेता येईल.

कॉलेजचा आकडा १५ हजारांच्या फार वर राहिला, तर १ मेपूर्वी नकार कळवा. डिपॉझिट भरून ठेवू, मग बघू, असं करू नका. ते सहसा परत मिळत नाही.