फायबर तर घरी बसलंय, आता त्यात संशोधन काय बाकी?

प्रश्न: मॅडम, नमस्कार. माझं इतवारीत किराण्याचं दुकान आहे. मुलगी इथेच नागपुरात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे अन तिनं धरूनच ठेवलंय की पीएचडी करीन तर नॉनलिनियर ऑप्टिक्स (जोरदार प्रकाशानं वस्तूचे गुण बदलतात, त्याचा अभ्यास) आणि फायबरमध्येच. घरचे सगळे म्हणून राहिले की मिहानमध्ये आयटीची नोकरी धर. माझं विचारणं दोन गोष्टींचं आहे. फायबरचं इंटरनेट आमच्या दुकानातही येऊन तीन वर्षं झाली, मग आता त्यात शोधायचं काय राहिलं? अन दुसरं, बाप म्हणून विचारतो, यात पुढं पोट भरते का?

उत्तर: भाऊ, तुमचा पहिला प्रश्न फार चांगला आहे, पीएचडीच्या इंटरव्ह्यूत पोरांना हाच विचारतात, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

आजच्या चांगल्या फायबरमध्ये प्रकाश किलोमीटरला 0.2 डेसिबल कमी होतो, म्हणजे इथून कामठीच्या आसपास, 15 किलोमीटरवर, तो निम्मा झालेला असतो. ऐकायला बरं वाटतं. पण मुंबई धरा, 800 किलोमीटर. तिकडून एक मिलिवॅट प्रकाश टाकला तर नागपूरला सेकंदाला जेमतेम एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पोचेल, तोही नशिबानं. म्हणून वाटेत दर 80 किलोमीटरच्या आसपास प्रकाश वाढवून घ्यावा लागतो. 1987 मध्ये एर्बियम हा धातू मिसळलेल्या फायबरचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे प्रकाश थेट वाढवणारा, आला तोवर दर टप्प्यावर प्रकाशाची वीज करायची अन विजेचा परत प्रकाश, असाच कारभार होता.

मग कोणीही म्हणेल की सुरुवातीलाच जास्त प्रकाश टाका ना. इथंच तुमच्या मुलीचा विषय सुरू होतो. फायबरचा गाभा फक्त 9 मायक्रॉनचा. त्यात 10 मिलिवॅट, म्हणजे लेझर पॉइंटरपेक्षा थोडाच जास्त प्रकाश कोंबला तरी तिथली तीव्रता आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हाच्या लाखभर पट होते. एवढ्या प्रकाशानं काचेचा स्वभावच किंचित बदलतो, तिचा अपवर्तनांक वाढतो, म्हणजे प्रकाश तिच्यातून किंचित हळू जातो, याला केर इफेक्ट म्हणतात. बदल अगदी बारका, पण शेकडो किलोमीटर साठत जातो, मग प्रकाश स्वतःचीच फेज, म्हणजे लाटेच्या चढउताराचा ताल, बिघडवतो अन त्याच फायबरमध्ये शेजारच्या रंगावरून जाणाऱ्या सिग्नलचीही. लग्नाच्या पंगतीत सगळेच मोठ्यानं बोलायला लागले की कोणालाच काही ऐकू येत नाही, तसंच. म्हणजे पॉवर कमी तर नॉइजमध्ये बुडणार, जास्त तर आपणच आपलं बिघडवणार. ही मर्यादा कशी ओलांडायची यावर आजही जगभर लोक लागलेले आहेत. तेव्हा बाकी काय राहिलं तर बरंच काही.

आणि हाच स्वभाव कामालाही येतो. सी. व्ही. रमण अकाउंट्स खात्यात नोकरीला होते तेव्हा काही काळ आपल्या नागपुरातच होते, हे मुलीला माहीत असेलच, नसेल तर सांगा. त्यांनी 1928 मध्ये जो परिणाम दाखवला, की विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो, तोच आज फायबरमध्ये वापरतात, 1450 नॅनोमीटरचा पंप, म्हणजे ताकद पुरवणारा प्रकाश, सोडला की 1550 चा सिग्नल फायबरमध्येच वाढतो. रमण अ‍ॅम्प्लिफायर. मला आजही हे सांगताना छान वाटतं.

आता पोटाचं. खरं सांगते, रस्ता लांब आहे. आधी नेट-जेआरएफ, गेट नाहीतर जेस्ट यातली एखादी प्रवेशपरीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएचडी, मग बहुतेकांना दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, तेही बाहेरगावी किंवा परदेशात. जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये अन वर घरभाडं, दोन वर्षांनी 42,000, म्हणजे ती तुमच्याकडे पैसे मागणार नाही. कायमच्या प्राध्यापकाच्या जागा मात्र कमी निघतात, भरायला वर्षं लावतात, त्या एकाच भरवशावर बसू नये. पण या विषयातल्या माणसाला लॅबच्या बाहेरही काम आहे, टेलिकॉम उपकरणांच्या कंपन्या आहेत, लेझरवाले आहेत, छत्रपती संभाजीनगरला फायबर बनवायचे कारखाने आहेत, पाइपलाइनशेजारी फायबर टाकून ब्रिलुआँ स्कॅटरिंगनं, म्हणजे काचेतल्या ध्वनिलहरींवरून विखुरून परत येणाऱ्या प्रकाशावरून, ताण अन तापमान मोजणारे आहेत. आयटीपेक्षा उशिरा कमवायला लागेल हे मान्य करूनच हो म्हणा.

माझा सल्ला एवढाच की हो-नाही करायच्या आधी तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा-आठ आठवडे एखाद्या फायबरच्या लॅबमध्ये पाठवा. इंदूरचं आरआरकॅट, म्हणजे लेझरवर काम करणारी सरकारी संस्था, काही दूर नाही, कोलकात्याला सीजीसीआरआय ही काचेवरची संशोधन संस्था आहे, आयआयटी दिल्ली, मद्रास आहे. तिथं तिला स्ट्रिपरनं फायबर सोलू द्या, क्लीव्हरनं कापू द्या, स्प्लाइसरमध्ये जोडू द्या. कापलेला तुकडा दिसत नाही, बोटात गेला तर दोन दिवस ठसठसतो, म्हणून टेबलावर चिकटपट्टी लावून त्यावर एकेक तुकडा मोजून चिकटवायचा. हे रोज करताना तिला कंटाळा येतो की वेळेचं भान राहत नाही, ते तिचं तिलाच कळेल.

मी स्वतः पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तीन महिने स्पेक्ट्रममधल्या एका उंचवट्यामागे होते, मला वाटलं फोर-वेव्ह मिक्सिंग, म्हणजे फायबरमध्ये रंग मिसळून नवा रंग तयार होणं, सापडलं, चार पानं गणित करून झालं, आणि मग एका संध्याकाळी कनेक्टरचं टोक मायक्रोस्कोपखाली धरलं तर त्यावर धूळ, तिच्यावरून परावर्तन होत होतं. अल्कोहोल लावून पुसलं, उंचवटा गेला. रडले मी त्या दिवशी. याच विषयात 1961 ला याच्या बरोब्बर उलटं झालेलं आहे. मिशिगनमध्ये फ्रँकन यांच्या गटानं क्वार्ट्झमधून रुबी लेझरचा 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला अन बाहेर 347 चा, दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, अगदी बारका ठिपका फोटोप्लेटवर मिळाला. नॉनलिनियर ऑप्टिक्स तिथूनच सुरू झालं म्हणतात. पण पेपर छापताना तो ठिपका डाग समजून पुसला गेला, छापील चित्रात बाण आहे अन बाणापुढे काहीच नाही. धूळ कुठली अन सिग्नल कुठला, आमची निम्मी नोकरी हीच असते भाऊ. तुमची मुलगी दुकानात हिशोबाला बसत असेल अन एक रुपया चुकला तर सापडेपर्यंत उठत नसेल, तर तिला जाऊ द्या.

प्रश्न: मॅडम, मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई करतोय, तिसरं वर्ष. या विषयात यायला फिजिक्सच लागतं का? गणित किती?

उत्तर: नाही लागत, दोन्हीकडून येतात. गणितात फुरिए, म्हणजे लाटेतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित, पक्कं कर. आणि वाट बघत बसू नको, या सुट्टीत पायथनमध्ये नॉनलिनियर श्रोडिंगर समीकरण, म्हणजे फायबरमध्ये पल्स कशी पुढं जाते ते सांगणारं समीकरण, स्प्लिट-स्टेपनं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत एकेक परिणाम आलटून पालटून घेत, सोडव, शंभरेक ओळींत होतं. आधी फक्त डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचा वेग वेगळा असणं, ठेव, पल्स पसरेल. मग फक्त केर ठेव, स्पेक्ट्रम पसरेल. मग सेकंट-हायपरबोलिक पल्स घेऊन दोन्ही योग्य प्रमाणात ठेव, पल्स आहे तशीच पुढं जाईल, तोच सॉलिटॉन, हासेगावा अन टॅपर्ट यांनी 1973 मध्ये कागदावर मांडला अन 1980 मध्ये मॉलेनॉअर यांनी फायबरमध्ये दाखवला. पल्स टिकायच्या ऐवजी आणखीच पसरत गेली तर घाबरू नको, बीटा-टूचं, म्हणजे समीकरणातल्या डिस्पर्शनच्या आकड्याचं, चिन्ह बघ, ते ऋण पाहिजे.