ज्युरीला ‘पंच’ म्हणायचं का?

एकाने विचारलंय, तो एका अमेरिकन कोर्टाच्या सिरीजचे मराठी सबटायटल करायलाय, तर ज्युरीला, म्हणजे खटला ऐकून दोषी का निर्दोष ते सांगणाऱ्या साध्या नागरिकांच्या गटाला, ‘पंच’ चालेल का, आणि ‘ज्युरीने जन्मठेप सुनावली’ हे बरोबर आहे का.

पंच नको बाबा. शब्द गोड आहे, गावातला आहे, सगळं कबूल, पण आपल्या फौजदारी कोर्टात ती खुर्ची आधीच भरलेली आहे. तिथं पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा. आमच्या मामाच्या शेजाऱ्याची विहिरीवरची मोटार चोरीला गेली, सापडली तेव्हा पोलिसांनी मामाला अन् एका चहावाल्याला उभं केलं, करा म्हणले सही, झाले पंच. चार वर्षांनी समन्स आलं, मामा पिंजऱ्यात उभा, आरोपीचा वकील विचारायलाय मोटार तीनची होती का पाचची, अन् मामाला काही आठवंना. शेवटी सही माझीच आहे पण मजकूर वाचला नव्हता म्हणून मोकळा झाला. पंच फितूर! आता अशा माणसाला तुमच्या सबटायटलमध्ये ‘पंचांनी आरोपीला दोषी ठरवलं’ दिसलं तर त्याला काय वाटेल सांगा.

आणि ज्युरी हा शब्द काही परका राहिलेला नाही. टिळकांचा १९०८ चा खटला आपण शाळेतच वाचलाय, ज्युरीने दोषी ठरवलं तरी मी निर्दोषच आहे हे त्यांचं म्हणणं पोरांना पाठ असायचं. तेव्हा ज्युरीत नऊ जण, त्यातल्या सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही, आणि सहा वर्षांची शिक्षा दिली ती जज दावरांनी. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आलं, दोषी का निर्दोष हे ज्युरी सांगते, शिक्षा किती ते जज. अमेरिकेत पण बहुतेक ठिकाणी असंच आहे, मात्र टेक्सासात आरोपीने मागितलं तर शिक्षासुद्धा ज्युरी ठरवू शकते, अन् फाशीच्या केसमध्ये तर ज्युरीचं म्हणणं फार वजनदार, त्यामुळे कथा कोणत्या राज्यातली ते आधी बघा.

घोळ आपल्या बोलण्यातच आहे. ‘त्याला शिक्षा लागली’ म्हणलं की दोषी ठरणं अन् शिक्षा होणं दोन्ही एकातच उरकतं. आपल्याकडं फौजदारी खटल्यात ज्युरी राहिली नाही, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही, पण हे दोन टप्पे आहेतच, म्हणून तर पेपरात ‘दोषी, शिक्षेवर सुनावणी सोमवारी’ असं येतं. सबटायटलमध्ये ‘दोषी ठरवलं’ आणि ‘शिक्षा सुनावली’ हे वेगळेच ठेवा.

‘सुटला’ तर त्याहून वाईट. जामिनावर सुटला, शिक्षा भोगून सुटला, अपिलात निर्दोष सुटला, सगळे सुटलेच! तिथं ‘निर्दोष’ टाकल्याशिवाय पुढं जाऊ नका. तसंच अपील ‘दाखल करून घेतलं’ म्हणजे ऐकायला घेतलं, ‘मंजूर’ झालं म्हणजे जिंकला, यात गल्लत नको. अन् अपिलात ज्युरी नसते, तिथं जजच खालच्या कोर्टाचे कागद बघून चूक झाली का ते तपासतात, साक्षीदार सहसा पुन्हा बोलवत नाहीत.

अमेरिकेतल्या अपील कोर्टाला ‘खंडपीठ’ लिहायचा मोह होईल. शब्द चूक नाही, दोन किंवा जास्त जजच्या बेंचला खंडपीठच म्हणतात. पण १९८१ पासून हायकोर्टाचं बेंच औरंगाबादला बसतंय तेव्हापासून आमच्या बीड, परभणी, नांदेडकडं खंडपीठ म्हणजे ती बिल्डिंग, ‘खंडपीठात जातो’ म्हणजे संभाजीनगरची एसटी धरतो. टेक्सासचा आरोपी खंडपीठात गेला असं वाचून आमचा मामा विचारील, उतरला कुठं, बाबा पेट्रोल पंपावर का?