आपण निवडलेला आपणच उतरवावा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या तुझ्यासारख्या मुलाने ‘देश काही वर्षे लष्कराच्या हाती द्यावा’ असे लिहावे, याचे मला आश्चर्य वाटले नाही. खानापूर तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंतीवर गणवेशातला फोटो असतो, आणि त्या गणवेशाविषयीचा तुझा आदर माझाही आहे. मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या सैनिकांनी फ्रेंचांना हाकलले म्हणजे तेच खरे स्वराज्य, हे मला मान्य नाही.

फ्रेंचांची ढवळाढवळ खरीच होती. पण पुढचेही पाहा. २०२० आणि २०२१ मध्ये लागोपाठ दोन बंडे झाली. २०२२ मध्ये फ्रेंच फौजा गेल्या, तोवर रशियाचे भाडोत्री सैनिक येऊन बसले होते. कबूल केलेली निवडणूक झालीच नाही आणि मे २०२५ मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त झाले. यांतले काहीही मालीच्या शेतकऱ्याला विचारून झाले नाही. आपण निवडलेला आपणच उतरवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

इराणात पंतप्रधान मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये तेल राष्ट्राच्या मालकीचे केले. १९५३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या हेरांनी त्यांना पाडले, पण त्यासाठी जनरल झाहेदी आणि इराणचेच रणगाडे लागले. बाहेरच्याला आतला हात लागतोच, आणि ‘निवडून आलेले नालायक आहेत’ असे म्हणणारा त्याला आयताच सापडतो.

तसा हात एकदा मी झालो होतो. आमच्या सोसायटीचे पंच खतवाटपात आपली माणसे पाहत. त्यांना पुढच्या निवडणुकीत पाडता आले असते. मी मात्र सह्या गोळा करून, वर खेटे घालून प्रशासक आणवला. हिशेब सुधारला, हे मी आजही ठासून सांगेन, आणि कोणीतरी काहीतरी करणे भागच होते. पण निवडणूक वर्षानुवर्षे लांबली, सभा ओस पडल्या आणि चुकलेल्याला मताने खाली खेचण्याची गावाची सवयच मोडली. ती मी मोडली.

तू विचारतोस, १९५६ पासून सीमाभागाने मते दिली, महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार निवडून दिले, महाराष्ट्राचा सीमादावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मिळाले काय? अरे, हा प्रश्न तू उघडपणे विचारू शकतोस ना? लष्करी राजवटीत १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून दाखव! आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधानांना १९७७ मध्ये मतदारांनीच घरी पाठवले. चिलीच्या लोकांनीही लष्करी हुकूमशहा पिनोशेला १९८८ च्या कौलात ‘नको’ म्हटले, पण त्याआधी १५ वर्षे गेली. निवडलेला आपणच उतरवावा, उशीर झाला तरी चालेल.

धावणे सोडू नकोस. आजोबांचा सोसायटीतला शेअर मात्र या महिन्यात नावावर करून घे आणि वार्षिक सभेला ये. चेअरमनला विचारायचे प्रश्न मी लिहून ठेवले आहेत; या वेळी ते तू उभे राहून विचार.