लिनक्सवर खेळ : लिनक्सची आवृत्ती घ्यावी की विंडोजची?

प्रश्न : आमच्या घरच्या संगणकात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर आणि एएमडीचे आरएक्स ५७० ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मुलगा काउंटर-स्ट्राइक २, फॅक्टोरिओ, स्टारड्यू व्हॅली आणि व्हॅलोरंट खेळतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घातल्यास हे खेळ थेट चालतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चारपैकी तीन थेट चालतील; चौथा चालणार नाही, आणि घरात वाद होईल तो त्या चौथ्यावरूनच, म्हणून आधी त्याच्याविषयी लिहितो. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा, खेळातील लबाडी रोखणारा प्रोग्रॅम येतो आणि तो विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, जाऊन बसतो. लिनक्सचा गाभाच निराळा असल्यामुळे त्याला तेथे जागा नाही आणि कंपनीने लिनक्ससाठी वेगळी सोयही केलेली नाही. या बाबतीत इंटरनेटवर ‘जुगाड’ सापडल्याचे चिरंजीवांनी सांगितले, तर त्यात वेळ घालवू नये.

उरलेल्या तिन्हींच्या लिनक्ससाठीच बांधलेल्या आवृत्त्या आहेत. काउंटर-स्ट्राइक २ हा व्हॉल्व्हचा खेळ. याच कंपनीने खेळ विकत घेण्याचे आणि चालवण्याचे आपले स्टीम हे दालन फेब्रुवारी २०१३ मध्ये लिनक्सवर आणले. आपल्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्ससोबतच येत असल्यामुळे तो वेगळा शोधावा लागणार नाही.

फॅक्टोरिओच्या बाबतीत तर लिनक्सवाल्यांचा थोडा फायदाच आहे. या खेळात उभारलेला कारखाना अवाढव्य झाला की विंडोजवर प्रत्येक ऑटोसेव्हच्या वेळी खेळ काही क्षण थिजतो, कारण सगळी स्थिती फाइलमध्ये उतरेपर्यंत त्याला थांबावे लागते. लिनक्समध्ये चालू प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत निघण्याची जुनी सोय आहे, तिला फोर्क म्हणतात; ही प्रत मागे बसून फाइल लिहीत राहते आणि मूळ खेळातले पट्टे आणि यंत्रे चालूच राहतात. मात्र ही सोय मुद्दाम चालू करावी लागते : कंट्रोल आणि ऑल्ट दाबून ठेवून सेटिंग्जवर क्लिक केले की एरवी लपलेला ‘द रेस्ट’ हा विभाग दिसतो, त्यात ‘नॉन-ब्लॉकिंग सेव्हिंग’ सापडेल. सेव्ह होत असताना रॅम अधिक लागते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : एखाद्या खेळाची लिनक्स आवृत्ती असतानाही माझे मित्र प्रोटॉन वापरून त्याची विंडोज आवृत्ती चालवायला सांगतात. हे उफराटे नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : वाटते खरे, पण आपल्या मित्रांचे म्हणणे बऱ्याचदा बरोबर असते. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने आणलेले प्रोटॉन हे मुख्यतः विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या जुन्या प्रकल्पावर उभे आहे. ते विंडोजचा संगणक आत उभा करत नाही. खेळाने विंडोजकडे केलेली प्रत्येक मागणी ते लिनक्सला समजेल अशा मागणीत बदलते, आणि डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या चित्रप्रणालीतल्या आज्ञा लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या चित्रप्रणालीत उतरवते. या दुभाष्याच्या कामात थोडी गती जाते, पण पुष्कळ खेळांत ती जाणवतही नाही.

खरा प्रश्न देखभालीचा आहे. लिनक्स आवृत्ती अनेकदा मूळ निर्माते स्वतः न करता दुसऱ्या कंपनीकडून करवून घेतात. पुढे करार संपतो, विंडोजच्या आवृत्तीला सुधारणा मिळत राहतात आणि लिनक्सची आवृत्ती होती तेथेच राहते. रॉकेट लीग या खेळाच्या बाबतीत तर मार्च २०२० मध्ये लिनक्स आवृत्तीची ऑनलाइन सोयच बंद करण्यात आली. घाईने केलेल्या रूपांतरात क्षुल्लक चुकाही राहून जातात. विंडोज फाइलच्या नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक मानत नाही, लिनक्स सहसा मानते. त्यामुळे फाइलच्या नावाचे पहिले अक्षर मोठे आणि प्रोग्रॅममध्ये तेच लहान लिहिले गेले असेल, तर विंडोजवर खेळातली एखादी भिंत नीट दिसते आणि लिनक्सवर तिचे चित्रच सापडत नाही.

म्हणून माझा परिपाठ असा, की आधी लिनक्स आवृत्ती चालवून पाहावी आणि ती अडखळली तर स्टीममध्ये त्या खेळाच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी विभागात जाऊन प्रोटॉन निवडावे. तत्पूर्वी सेव्ह फाइलची प्रत बाजूला काढून ठेवावी, कारण दोन्ही आवृत्त्या आपले सेव्ह वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात आणि क्लाउडमधून ते प्रत्येक वेळी जुळतातच असे नाही.

प्रश्न : दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवल्या आहेत. विंडोजच्या डी ड्राइव्हवरील खेळ पुन्हा डाउनलोड न करता लिनक्समधून चालवता येतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करू नये. विंडोजचे फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून असलेली सोय, चालू असेल, तर ‘शटडाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मग लिनक्सला तो ड्राइव्ह केवळ वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. शिवाय प्रोटॉन ज्या फाइली तयार करते त्यांतील काहींच्या नावात विसर्गचिन्हासारखे अपूर्णविराम असतात, जे विंडोजला चालत नाहीत. लिनक्स आवृत्तीच्या फाइली तर निराळ्याच असल्यामुळे स्टीम त्या पुन्हा उतरवून घेणारच, आणि विंडोजमध्ये परत गेलात की तेथेही तोच खेळखंडोबा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने आखलेल्या डिस्कच्या विभाजनात जागा करावी आणि रात्री डाउनलोड लावून झोपावे.