पीडीएफ फिरते आहे, करारनामा कुठे आहे?

प्रश्न : माझी कादंबरी १९९८ साली आली. पहिली आवृत्ती संपली, प्रकाशकांनी पुन्हा छापली नाही. आता तिची पीडीएफ टेलिग्रामवर फिरते आहे. पानांवर एका वाचनालयाचा शिक्का आहे, एका पानाच्या कडेला पुस्तक धरणाऱ्याचा अंगठाही आला आहे. चॅनेलवाले म्हणतात, ‘पुस्तक कुठे मिळतच नाही आणि आम्ही पैसे घेत नाही.’ प्रकाशक म्हणतात, ‘हक्क आमचे आहेत, तुम्ही मध्ये पडू नका.’ काय करू?

उत्तर : ताई, चॅनेलवाल्यांचं नंतर बघू. आधी १९९८चा करारनामा शोधा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखी आणि सहीचा करार लागतो. तसा कागदच नसेल, तर हक्क तुमच्याकडून गेलेच नाहीत. कागद आहे पण त्यात मुदत नाही, असं बहुतेक जुन्या करारांत असतं. तिथे कलम १९ मुदत पाच वर्षं धरतं. म्हणजे २००३मध्येच हक्क तुमच्याकडे परत आले, आणि ‘मध्ये पडू नका’ म्हणायचा अधिकार प्रकाशकांना उरला नाही. ‘सर्व हक्क कायमचे’ असं लिहून दिलं असेल, तर मात्र तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय एकही पत्र पाठवू नका.

पुस्तक बाजारात नाही म्हणून ते कुणाचंही होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं कॉपीराइट टिकतो. तुम्ही तर हयात आहात! पैसे न घेणं हाही बचाव नाही. त्याने फार तर फौजदारी शिक्षा सौम्य होऊ शकते. सार्वजनिक वाचनालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते, पण ती सवलत जगभर वाटण्यासाठी नाही. वर्षानुवर्षं लिहिलेलं कुणीतरी न विचारता वाटतं आणि वर त्याला साहित्यसेवा म्हणतं, याची मला मनापासून चीड येते.

आता पुरावा. फाइल उतरवून घ्या आणि तिच्यात काहीही बदल न करता ठेवा. लिंक, तारीख, सदस्यसंख्या दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तो अंगठा तुमच्या फार कामाचा आहे. दुसऱ्या चॅनेलवर त्याच पानावर तोच अंगठा दिसला, तर मूळ स्कॅन एकच हे सांगता येतं. कोर्टात हे सगळं द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.

चॅनेल कोण चालवतं हे कळत नाही म्हणून हात टेकू नका. २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात टेलिग्रामला चॅनेलचालकांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते सादर करायला लावले. दावाही तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, आणि कॉपीराइटची नोंदणी केलेली नसली तरी अडत नाही.

टेलिग्रामला लेखी तक्रार करता येते. नियमाप्रमाणे ३६ तासांत फाइल रोखायची असते, पण ती २१ दिवसांपुरतीच. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते. म्हणून दाव्याचे कागद आणि मनाईहुकुमाचा अर्ज तयार असेल, त्याच दिवशी तक्रार पाठवा.